नाईटचे 80 रुपये

आमच्या इथे, इंदूरच्या एका नर्सिंग होममधे, नर्सला नाईट ड्युटीचा अलाउन्स 80 रुपये आहे. 2016 मधे जॉइन झाले तेव्हाही 80च होता. तेव्हा त्यात घरी रामबागेपर्यंत रिक्षा व्हायची, वाटेत पोहे-जलेबी व्हायची आणि वर चहाचे सुटे उरायचे. आता सकाळी रिक्षावालाच "सौ लगेंगे सिस्टर" म्हणतो, पोहे राहिले बाजूला. म्हंजे रात्रभर आयसीयूत उभी राहून घरी यायला मीच पर्समधले 20 घालते!

परवा वहिनीशी यावरच बोलत होते. ती केंद्र सरकारच्या हॉस्पिटलमधे, तिला डीए मिळतो. डीए म्हंजे महागाई भत्ता, काय तर महागाई किती वाढली त्याचा सरकारनीच काढलेला हिशोब, वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै. सातवा वेतन आयोग लागला जानेवारी 2016 पासून तेव्हा तो शून्य धरला आणि जानेवारी 2024 ला मूळ पगाराच्या 50 टक्के झाला, पुढेही वाढलाच. आता हाच हिशोब मला लावा. 2016 ला माझा पगार 16,000. नुसतं तिथल्या तिथे राहायला 2024 ला 24,000 हवे होते. होते किती? 21,500. दर दिवाळीला "इन्क्रिमेंट" म्हणून पेढे वाटले मी, आणि 2016 च्या भावानी बघितलं तर माझा पगार 14,300 वर आलेला. आठ वर्षांचा अनुभव जमा, वर सतराशे रुपये वजा 😅

वहिनीचंही सगळं गोड नाही हं. कोविडमधे ती पीपीई किटमधे घामानी भिजत होती तेव्हाच जानेवारी 2020 पासून दीड वर्ष डीए गोठवला, त्याचा एरियर आजपर्यंत नाही मिळाला. पण निदान नंतर टक्का तरी जागेवर आला. प्रायव्हेटवाल्यांना तो दरवाजाच नाही.

आणि ते प्रायव्हेट नर्सच्या किमान 20,000 पगाराचं. सुप्रीम कोर्टानी सांगितलं म्हणून 2016 मधे आमच्या पगारांवर केंद्राची कमिटी बसली, तिनी सुचवलं की 200 च्या वर बेड असतील तर राज्य सरकारच्या नर्सइतका पगार द्या आणि 50 पेक्षा कमी असतील तरी 20,000 च्या खाली नको. आमचं नर्सिंग होम 40 बेडचं, म्हंजे त्या आकड्यालाही मी तेव्हा चार हजारांनी कमीच होते, आणि शेवटी पोचले तेव्हा सगळे म्हणाले घ्या, झालं की. अरे पण ते 20,000 तेव्हाचे होते ना! आज तीस हजारांच्या पुढे जातात. मला विचाराल तर कमिटीची चूक इथेच झाली, आकडा दिला पण त्याला डीएची शेपटी नाही लावली, आणि केंद्रानीही नुसतं राज्यांना कळवून सोडून दिलं.

तर काल एचआरला विचारलं, बाकी जाऊ दे, ते 80 तरी वाढवा. म्हणाला, "मॅडम, वो तो फिक्स है ना."

म्हटलं, भिया, एकदा बाहेर येऊन हे रिक्षावाल्याला सांग.