अल्तामुराचा पाव राहूनच गेला

इटलीतल्या पावाबद्दलचा तुमचा लेख आवडला. रोममधल्या गल्लीतली बेकरी आणि तिथला गरमागरम पिझ्झा बियांका (सॉस न लावलेला साधा पिझ्झा) वाचून खरंच तोंडाला पाणी सुटलं. पण इटलीतल्या पावाबद्दल लिहायचं आणि दक्षिणेतलं अल्तामुरा शहर वगळायचं, हे मनाला पटलं नाही. तिथला पाव ड्युरम या कडक गव्हाच्या दोनदा दळलेल्या पिठाचा, म्हणून आतून छान पिवळसर. जुनं आंबवण, मीठ, पाणी, बाकी काही नाही. कवच किमान ३ मिलिमीटर जाड हवं असा नियमच आहे. २००३ पासून या पावाच्या नावाला युरोपीय संघाचं संरक्षण आहे.

तिथल्या बेकरीत काउंटरवरच्या बाईंनी भल्यामोठ्या पावाचा तुकडा कापून वजन करून दिला. सुरी कवचातून जाताना जो कर्रकर्र आवाज येतो ना, तो ऐकायलाच जावं! पूर्वी बायका घरी कणीक मळून गोळे सार्वजनिक भट्टीत भाजायला पाठवायच्या आणि अदलाबदल होऊ नये म्हणून त्यावर कुटुंबप्रमुखाच्या नावाच्या आद्याक्षरांचा शिक्का मारला जायचा. शिळा पावही वाया जात नाही, पाण्यात भिजवून टोमॅटो, कांदा, ऑलिव्ह तेल घालून खातात. मातेरा हे गुहाघरांचं जुनं शहर बघायला जाणाऱ्यांनी इथे जरूर थांबावं, अगदी जवळ आहे. फक्त सकाळीच जा, दुपारी दुकानं बंद असतात.