विचारच बंद होता, तर पुस्तकं कुणाची जाळली?

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. शब्द इकडचे तिकडे होतात, सांगाडा तोच राहतो: “मध्ययुगात युरोप हजार वर्षं अंधारात होता. चर्चनं विचार करायलाच बंदी घातली होती. लोक पृथ्वी सपाट समजत. मोठमोठे पंडित सुईच्या टोकावर किती देवदूत नाचू शकतात यावर भांडत. अ‍ॅरिस्टॉटल म्हणेल ते ब्रह्मवाक्य. मृतदेह चिरून पाहायला मनाई. मग प्रबोधन आलं आणि युरोप जागा झाला.”

पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. विचाराच्या नाड्या धर्मसत्तेच्या हाती गेल्या की काय होतं, हे त्यांना सांगायचं असतं, आणि ती काळजी मलाही आहे. पण दाखला म्हणून दिलेला हा इतिहास ओळीगणिक चुकतो. शिवाय ज्यांनी विचारापायी खरोखर किंमत मोजली, ती माणसंच त्यातून नाहीशी होतात. मला सर्वांत जास्त खटकतं ते हे. म्हणून एकेक ओळ तपासू. बोलतोय ते मुख्यतः १२०० ते १४५० या काळाबद्दल, कारण मजकुरातले देवदूत आणि अ‍ॅरिस्टॉटल तिथलेच आहेत.

“लोक पृथ्वी सपाट समजत.”

शिकलेले लोक तरी समजत नव्हते. तेराव्या शतकात सॅक्रोबोस्को नावाच्या शिक्षकानं खगोलाचं एक छोटं पाठ्यपुस्तक लिहिलं. पुढे कित्येक शतकं ते विद्यापीठांतून शिकवलं गेलं. पृथ्वी गोल का, हे त्यात सांगितलंय. जहाज किनाऱ्यापासून लांब गेलं की डोलकाठीच्या पायथ्याशी उभ्या असलेल्याला किनाऱ्यावरची खूण दिसेनाशी होते, पण काठीच्या टोकावर चढलेल्याला ती दिसत राहते. मधे पाण्याचा फुगवटा आड येतो, दुसरं कारण काय? त्याच शतकातल्या थॉमस अ‍ॅक्वायनस या धर्मपंडितानं तर आपल्या मुख्य ग्रंथाच्या पहिल्याच प्रश्नात पृथ्वीच्या गोलाईचं उदाहरण सहज जाता जाता दिलंय, जसं आपण सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टीचं देतो.

कोलंबसशी विद्वानांचा वाद झाला तो अंतरावरून. पश्चिमेकडून आशिया तो म्हणतो त्याहून फार दूर आहे, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते बरोबर होतं. सपाट पृथ्वीची गोष्ट लोकप्रिय झाली ती १८२८ साली आलेल्या, अमेरिकी लेखक वॉशिंग्टन अर्विंगच्या कोलंबस-चरित्रामुळे.

“सुईच्या टोकावर देवदूत.”

हा प्रश्न मध्ययुगातल्या कुठल्याही ग्रंथात सापडलेला नाही. तो दिसतो सतराव्या शतकात, इंग्लंडमधल्या प्रॉटेस्टंट लेखकांकडे, तोही जुन्या पंडितांची टर उडवण्यासाठी.

त्याच्या सर्वांत जवळ जाणारा खरा प्रश्न अ‍ॅक्वायनसकडे आहे: अनेक देवदूत एकाच वेळी एकाच जागी असू शकतात का? उत्तर ‘नाही’ असं आहे. पण त्यामागचा विचार बघा. ज्याला शरीर नाही ते ‘अमुक जागी आहे’ म्हणजे नेमकं काय? भांड्यात पाणी असतं तसं तर नव्हे. अ‍ॅक्वायनस म्हणतो, देवदूत जिथे आपली शक्ती लावतो तिथे तो ‘असतो’. आणि एका परिणामाचं पूर्ण आणि थेट कारण दोन असू शकत नाहीत. देवदूतांवर विश्वास नसला तरी प्रश्न उरतोच. मन शरीरात नेमकं कुठे असतं, असं आपण आजही विचारतो.

“विचार करायलाच बंदी होती.”

इथे थोडं थांबायला हवं, कारण या ओळीत खोटं जास्त असलं तरी थोडं खरंही आहे.

आधी खोटं. पॅरिस आणि ऑक्सफर्डला सर्वसाधारण विद्यार्थी थेट धर्मशास्त्राकडे जात नसे. आधी कलाशाखेत वर्षानुवर्षं तर्कशास्त्र आणि निसर्गाचं तत्त्वज्ञान शिकावं लागे. शिकवण्याची मुख्य रीत होती वादाची. प्रश्न मांडायचा, मग आपल्याविरुद्धचा पूर्वपक्ष शक्य तितका मजबूत करून सांगायचा, मग आपलं उत्तर द्यायचं, आणि शेवटी पूर्वपक्षातल्या प्रत्येक मुद्द्याला वेगळं उत्तर द्यायचं. धर्मशास्त्राच्या शाखेत तर नाताळापूर्वीच्या आणि ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात खुले वाद होत. तिथे कुणीही कुठलाही प्रश्न विचारावा आणि आचार्यांनी उत्तर द्यावं, अशी प्रथा होती.

‘ईश्वर आहे का?’ हा प्रश्न अ‍ॅक्वायनस घेतो तेव्हा सुरुवातच अशी होते की ईश्वर नाही असं दिसतं. मग दोन कारणं येतात. एक, ईश्वर म्हणजे अनंत चांगुलपणा असेल तर जगात वाईट उरायला नको होतं. दोन, जगात दिसणाऱ्या सगळ्याचा उलगडा निसर्गानं आणि माणसाच्या बुद्धी-इच्छेनं होतो, मग ईश्वर कशाला मानायचा? नास्तिकाला आजही याहून धारदार मुद्दे सहज सुचणार नाहीत. अ‍ॅक्वायनस त्यांना उत्तर देतो आणि ते सर्वांना पटेल असं नाही. पण हे आक्षेप त्यानं धर्मशास्त्र शिकणाऱ्यांसाठीच्या ग्रंथात अगदी सुरुवातीला घातले, आणि या माणसाला चर्चनं १३२३ साली संत ठरवलं.

बंदीचं म्हणाल तर ती आली होती. १२१० साली आणि पुन्हा १२१५ साली पॅरिसमध्ये अ‍ॅरिस्टॉटलचे निसर्गविषयक ग्रंथ शिकवायला मनाई झाली. त्यावर १२२९ साली नव्यानं निघालेल्या तुलूझच्या विद्यापीठानं जाहीर करून टाकलं की पॅरिसला जे ग्रंथ शिकवायला बंदी आहे ते इथे शिकायला मिळतील. १२५५ उजाडेपर्यंत पॅरिसच्या कलाशाखेनंच ते सगळे ग्रंथ अभ्यासक्रमात नेमले होते. चाळीस वर्षांत बंदीचा अभ्यासक्रम झाला. आणि हे ग्रंथ आले कुठून? बरेचसे अरबीतून, स्पेनमधल्या टोलेडोसारख्या शहरांतल्या भाषांतरकारांच्या हातून. सोबत इब्न सिना आणि इब्न रुश्द या मुस्लिम तत्त्वज्ञांचे ग्रंथही आले. पॅरिसमध्ये इब्न रुश्दचा उल्लेख नुसता ‘भाष्यकार’ म्हणून होई. अ‍ॅरिस्टॉटलचा, हे वेगळं सांगावं लागत नसे.

“अ‍ॅरिस्टॉटल म्हणेल ते ब्रह्मवाक्य.”

फेकलेला दगड हातातून सुटल्यावरही पुढे का जातो? अ‍ॅरिस्टॉटलचं उत्तर होतं, हवा त्याला ढकलत नेते. चौदाव्या शतकात पॅरिसच्या कलाशाखेतले आचार्य जाँ ब्यूरिदाँ यांनी हे उत्तर अगदी रोजच्या वस्तू हाती घेऊन मोडीत काढलं. भोवरा किंवा धार लावायचं चाक जागच्या जागी फिरत राहतं. त्याला मागून ढकलायला हवा शिरते कुठून? ओढून नेलेली नाव, ओढणं थांबल्यावरही प्रवाहाविरुद्ध जात राहते, आणि नावाड्याला हवा लागते ती समोरून, पाठीमागून नव्हे. मागचं टोकही अणकुचीदार केलेला भाला काही हळू जात नाही. ब्यूरिदाँ म्हणाले, फेकणारा वस्तूतच एक जोर भरतो. वेग जास्त आणि द्रव्य जास्त तितका तो जोर जास्त. पुढे वजन आणि हवेचा विरोध त्याला खाऊन टाकतात.

मग ते आकाशाकडे वळले. आकाशातले गोल फिरते ठेवायला देवदूतांसारख्या शक्ती लागतात असं मानलं जाई. ब्यूरिदाँ म्हणाले, देवानं सृष्टीच्या आरंभीच तो जोर भरला असेल आणि तिथे विरोध करणारं काही नसल्यानं तो टिकला असेल. देवदूत गोल फिरवतात असं बायबलात कुठे लिहिलेलं नाही. शेवटचा शब्द त्यांनी धर्मशास्त्रज्ञांवर सोडला. पण या माणसाला विद्यापीठानं दोनदा कुलप्रमुख केलं होतं.

ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात त्याच सुमारास काही तर्कशास्त्री गतीचं गणित मांडत होते. समप्रमाणात वाढत जाणाऱ्या वेगानं वस्तू जितकं अंतर कापते, तितकंच अंतर ती मधल्या क्षणाच्या वेगानं एकसारखी गेली तर कापेल, हा नियम त्यांचा. पॅरिसच्या निकोल ओरेमनं तो आकृतीनं सिद्ध केला. आडव्या रेषेवर वेळ, उभ्या रेषांनी वेग. मग त्रिकोणाचं क्षेत्रफळ आणि आयताचं क्षेत्रफळ सारखं भरतं. गॅलिलिओच्या १६३८च्या ग्रंथात हाच नियम पुन्हा भेटतो.

याच ओरेमनं १३७७ साली फ्रान्सच्या राजासाठी, फ्रेंच भाषेत, पृथ्वी स्वतःभोवती फिरते का याची चर्चा केली. जहाज चालतंय की किनारा, हे आतल्या माणसाला डोळ्यांनी ठरवता येत नाही, तसंच हे. एवढं अफाट आकाश दिवसाला एक फेरी मारतं असं मानण्यापेक्षा एवढीशी पृथ्वी फिरते असं मानणं सोपं, हाही मुद्दा त्यानं दिला. शेवटी मात्र त्यानं ‘देवानं जग स्थिर केलं आहे’ हे स्तोत्रातलं वचन धरलं आणि पृथ्वी स्थिरच ठेवली. पण अनुभवानं किंवा युक्तिवादानं आकाशाचं फिरणं सिद्ध करता येत नाही, हे त्यानं स्पष्ट लिहिलं. त्याच वर्षी तो बिशप झाला.

हे लोक न्यूटन नव्हते, आणि ‘चर्चनंच विज्ञान जन्माला घातलं’ असा उलटा मजकूर जे फिरवतात तेही घोटाळाच करतात. ब्यूरिदाँचा जोर म्हणजे जडत्व नव्हे, आणि त्यांचे प्रयोग बहुतेक मनातच झाले. पण गुरूचं वाक्य तपासून पाहायचं नाही, असं म्हणणारी ही माणसं नक्कीच नव्हती.

मृतदेहांबद्दल एवढंच: बोलोन्याच्या विद्यापीठात मोंदिनो शवविच्छेदन करून शिकवत, आणि १३१६च्या सुमारास त्यांनी त्यावर पाठ्यपुस्तकही लिहिलं. १२९९ सालचा पोपचा जो आदेश पुरावा म्हणून दाखवतात, तो दूर देशी मेलेल्यांची हाडं घरी न्यायला प्रेत उकळण्याच्या प्रथेविरुद्ध होता.

आता जे खरं आहे ते

७ मार्च १२७७ रोजी पॅरिसचे बिशप एत्येन ताँपिए यांनी २१९ विधानं निषिद्ध ठरवली. ती शिकवणारा बहिष्कृत होणार होता. ओकमच्या विल्यम या इंग्लिश तत्त्वज्ञाला १३२४ साली आविन्यों इथे पोपच्या दरबारी चौकशीला बोलावलं. तिथे ख्रिस्ताच्या दारिद्र्याचा, म्हणजे ख्रिस्ताच्या आणि त्याच्या शिष्यांच्या मालकीचं काही होतं का याचा, वाद अभ्यासताना, पोपच पाखंडी आहे, असं त्याचं मत झालं. १३२८च्या मे महिन्यात तो रातोरात पळाला आणि उरलेलं आयुष्य म्युनिकला पोपच्या सत्तेच्या मर्यादांवर लिहीत राहिला. ओत्रकूरच्या निकोलसनं, एका गोष्टीच्या असण्यावरून दुसरीचं असणं खात्रीनं काढता येत नाही, असं मांडलं. १३४७ साली पॅरिसमध्ये त्याला स्वतःच्या हातानं आपलं लिखाण जाळावं लागलं.

विचार मेलेलाच असता तर हे करायची वेळ कुणावर आली असती?

आणि सर्वांना सारखी शिक्षा नव्हती. निकोलस पुढे मेत्सच्या कॅथीड्रलचा डीन झाला. तो लॅटिनमध्ये, विद्यापीठाच्या भिंतीआड, परवाना असलेल्या पुरुषांशी बोलत होता. माइस्टर एकहार्ट या जर्मन धर्मोपदेशकाच्या २८ विधानांवर १३२९ साली पोपनं ठपका ठेवला, तेव्हा तो हयात नव्हता. त्या आदेशातली एक तक्रार अशी की तो हे साध्या लोकांपुढे प्रवचनांतून सांगत होता. काय म्हटलं याइतकंच कुणी, कुठल्या भाषेत, कुणापुढे म्हटलं, हे मोजलं जात होतं. बंदीचं खरं रूप मला इथे दिसतं, आणि फिरणाऱ्या मजकुरात ते कुठेच नाही.

‘मग प्रबोधन आलं’ या ओळीचंही तेच. पृथ्वी विश्वाचं केंद्र नाही, विश्वाला कडा नाही, असं १४४० साली लिहिणारा कूसाचा निकोलस आठ वर्षांनी कार्डिनल झाला. निषिद्ध ग्रंथांची रोमची यादी १५५९ची, ब्रूनो या तत्त्वज्ञाला जाळलं १६०० साली, गॅलिलिओवर खटला १६३३ साली, आणि चेटकिणी म्हणून बायकांना मारण्याचा कहर सोळाव्या-सतराव्या शतकातला. हे सगळं युरोप ‘जागा’ झाल्यानंतरचं आहे.

मार्गरित पोरेत ना विद्यापीठातली होती, ना मठातली. तिनं फ्रेंचमध्ये एक पुस्तक लिहिलं, ‘साध्या आत्म्यांचा आरसा’. प्रेमात पुरता विरघळलेला आत्मा पुण्यकर्मांचा निरोप घेतो, त्याला स्वर्गाची आस नाही की नरकाचं भय नाही, असं त्यात आहे. ते वालाँसिएनमध्ये तिच्यासमोर जाळलं गेलं. तिनं ते पुन्हा लोकांना दिलं, तीन धर्मपंडितांचा अभिप्रायही मिळवला. मग पॅरिसला कैद झाली. दीड वर्ष तिनं चौकशी अधिकाऱ्यापुढे शपथ घ्यायला नकार दिला, एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. ज्या विद्यापीठात ‘ईश्वर नाही असं दिसतं’ हे वाक्य पूर्वपक्ष म्हणून चालत होतं, त्याच विद्यापीठातल्या २१ धर्मशास्त्रज्ञांनी तिच्या पुस्तकातले उतारे पाखंड ठरवले. १ जून १३१० रोजी तिला भर चौकात जाळलं.

पुस्तक मात्र उरलं. नाव गेलं आणि मजकूर मठामठांतून नकलला गेला. लॅटिनमध्ये, इटालियनमध्ये, इंग्रजीत. १९२७ साली ते इंग्लंडमध्ये एका अज्ञात लेखकाचं भक्तिपर पुस्तक म्हणून छापलं गेलं, चर्चच्या रीतसर परवानगीनं. १९४६ साली इटालियन संशोधक रोमाना ग्वार्निएरी यांनी हा मजकूर आणि त्या खटल्याची कागदपत्रं जुळवून लेखिकेचं नाव जाहीर केलं, व्हॅटिकनच्याच वर्तमानपत्रात.