खुलासा: हवा कमी ठेवल्याने टायर फुटायचा टळत नाही

‘समृद्धीवर जाताना एसयूव्हीची हवा पाच-सहा पीएसआय कमी ठेवा, गाडी मऊ चालते आणि टायर फुटत नाही,’ असा मेसेज फिरतोय. गाडी थोडी मऊ लागते, हे खरं. बाकी साफ चूक, आणि जिवावर बेतणारं. हवा कमी असली की साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, टायर आतून तापतो; त्यात भरलेली गाडी आणि १२० चा वेग असला की फुटायला वेळ लागत नाही. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा आकडा बघून, टायर थंड असताना तेवढीच हवा भरा. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो नव्हे. तरीही दणके बसत असतील तर रिम बघा. हौसेने १६ ऐवजी १८ इंची टाकलं असेल, तर साइडवॉल बारीक होते आणि खड्डा थेट कमरेला कळतो.