पेरूचं पथ्यपाणी

भाच्याने गाडीतून भलंमोठं खोकं उतरवलं, तेव्हा आईने देवघरातून विचारलं, "काय आलंय रे?" सोबत शेतावरचा गडी होता. तो म्हणाला, "पीरू है, माताजी."

"धुवून परातीत ठेव," आई म्हणाली.

इंदूरच्या बाजारात पेरूला जाम म्हणत असले तरी आमच्या घरात तो अजून पेरूच आहे, त्यामुळे आईचं काही चुकलं नाही. मीही "चांगला माल दिसतोय" म्हणत खोकं उघडलं. आतून एका टकल्या, निळसर, सुरकुतलेल्या डोक्याने माझ्याकडे पाहिलं. चोचीवर मांसाचा एक लोलक लोंबत होता. वह्या तपासताना आमचे गणिताचे सर असंच बघायचे.

"टर्की आहे, मामा. हिंदीत पीरू म्हणतात. पायाला लागलंय. कळपात ठेवला तर बाकीचे टोचून मारतील. दोनच दिवस सांभाळा."

ह्याच भाच्याचे वडील दोन दिवसांसाठी म्हणून इंदूरला आले होते आणि इथूनच रिटायर झाले. तरी मी हो म्हणालो. आईने टर्कीचं नाव दिवाणजी ठेवलं.

डॉक्टर म्हणजे महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकून आलेला चुणचुणीत पोरगा. त्याने पाय उलटा करून दाखवला. तळव्याच्या गादीवर आठ आण्याएवढी काळी खपली. ह्याला बम्बलफूट म्हणतात. अंग जड, जमीन कडक आणि उंचावरून उड्या मारायची हौस. मग तळव्याला चीर पडते, जंतू शिरतात, गळू होतं. "वजन बहुत है, अंकल," तो म्हणाला. तो टर्कीबद्दल बोलत होता. आमची ही माझ्याकडे का बघत होती, कळलं नाही.

पक्ष्यांचा पू पातळ नसतो. डॉक्टरने खपली काढून आतून जो गोळा उपसला, तो थेट पनीरचा खडा. बघायला ही उगाच पुढे आली आणि आमच्याकडे मटर पनीर जे बंद झालं, ते आजतागायत.

औषधाचा डोस वजनावर, म्हणून दिवाणजींचं वजन करणं आलं. ते काट्यावर उभे राहीनात. मग आधी मी एकटा, नंतर त्यांना कडेवर घेऊन. वजाबाकी साडेआठ किलो. पण वजाबाकी करताना पहिला आकडाही मोठ्याने वाचला गेला. दिवाणजींना अँटिबायोटिक लागू झालं आणि माझी पोह्यांबरोबरची जिलबी गेली.

एक दिवसाआड ड्रेसिंग. निळ्या टबात कोमट पाणी, त्यात एप्सम सॉल्ट, पाय पंधरा मिनिटं बुडवायचा, पुसायचा, पोव्हिडोन आयोडीन, गॉज, वर चिकटपट्टी. लिहायला अर्धी ओळ लागते. करायला तीन माणसं आणि एक नऊवारी लागते. पंख मिटवून आवळून धरायचं, पण छाती दाबायची नाही. पक्ष्यांना श्वासपटल नसतं, छातीचा पिंजरा हलला तरच श्वास चालतो. म्हणजे मिठी मारायची, पण मारायची नाही. शेवटी आईच्या जुन्या नऊवारीत त्यांना गुंडाळलं आणि डोक्यावर माझा मोजा चढवला. अंधार झाला की हा पक्षी शांत होतो. मोजा धुतलेला नव्हता, त्याचाही परिणाम असेल.

डोक्याचा रंग बघून मनःस्थिती ओळखायला मी चार दिवसांत शिकलो. स्वस्थ असले की फिकट निळसर, भडकले की लालभडक. जहांगीर बादशहाला १६१२ साली गोव्याहून असाच पक्षी आणून दिला होता, तेव्हा ह्या सरड्यासारख्या रंगबदलाचं त्यालाही फार नवल वाटलं आणि त्याने चित्र काढून घेतलं. बादशहाला हे परवडतं. टब धरायला त्याच्याकडे दुसरी माणसं होती.

गंमत म्हणजे इंग्रजांनी ह्याला तुर्कस्तानचा ठरवला आणि खुद्द तुर्की भाषेत ह्याचं नाव आहे 'हिंदी'. मूळचा अमेरिकेचा, कोणीच आपला म्हणायला तयार नाही. त्यामुळे सुदामा नगरात आमच्या पडवीत येऊन पडला, तर दोष कोणाला देणार?

डॉक्टरने अशक्तपणावर उकडलेलं अंडं कुस्करून द्यायला सांगितलं. आमच्या स्वयंपाकघरात तीन पिढ्यांत अंडं शिरलेलं नाही. मी भीत भीत आईला विचारलं. "आजाऱ्याला सगळं चालतं," ती म्हणाली, "फक्त गच्चीवर उकड." मला टायफॉइड झाला होता तेव्हा हा नियम कुठे होता, हे विचारायचं राहून गेलं.

सगळ्यांना घोर होता तो दिवाणजी बोलत नव्हते ह्याचा. मोठा आवाज झाला की धडधाकट टर्की नर लगेच उत्तर देतो. मग काय, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या सोडून ही पडवीकडे कान लावून बसायला लागली. शेजारचे काका रोज पोह्यांची पुडी घेऊन येत आणि जोरात खोकून दाखवत. एकटा पक्षी खात नाही म्हणून डॉक्टरच्या सांगण्यावरून हिच्या लग्नातला सागवानी आरसाही समोर ठेवला. दिवाणजी आरशाशेजारी बसून अंडं खात. पण गप्प.

नवव्या दिवशी सकाळी कचरागाडी आली. इंदुरात ह्या गाडीच्या भोंग्यावरच्या गाण्याने माणूस उठतो, बादली धरून पळतो. पहिली ओळ वाजली आणि पडवीतून आलं, "गलबलबलबल!"

हिच्या हातातली ओल्या कचऱ्याची बादली सुक्यात गेली. "बोलले!" गाडीवाल्या पोराने गाणं बंद करून विचारलं, "भिया, ये कौन था?"

त्यानंतर ते थांबलेच नाहीत. कुकर, शिंक, दाराची कडी, सगळ्याला उत्तर. गणपती बसले, आळीतले लोक आरतीला आले. काकांनी नरड्याच्या शिरा ताणून "गणपती बाप्पा" म्हटलं आणि आमच्या "मोरया"च्या आधी पडवीतून उत्तर गेलं. निरंजन धरलेला हात हसण्याने हलायला लागला, तेव्हा आईने ठरवलं, "बरे झाले. पोचवा आता."

तेवढ्यात दिवाणजींना आरशात दुसरा नर दिसला. इतके दिवस हाच सोबती चालला होता. प्रकृती सुधारल्यावर तो वैरी झाला. पिसारा फुलवून, लोलक लांबवून, लालबुंद होऊन त्यांनी थेट झेप घेतली. मी आरसा वाचवायला धावलो. आरसा वाचला. तो माझ्या उजव्या पायावर पडला.

दिवाणजी भाच्याच्या गाडीतून मागे वळूनही न पाहता गेले. मी पडवीत, त्याच गोणपाटावर. हिने तोच निळा टब आणला, तेच एप्सम सॉल्ट ओतलं, कोमट पाण्यात पाय बुडवायला लावला. "आहे का बरं?"

तेवढ्यात आतून कुकरची शिट्टी झाली. मी गप्प होतो.

ही आत वळून म्हणाली, "आई, अजून काही उतार दिसत नाही."