कुठले शिंदे?

गेल्या वर्षी इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत, भाड्यानं घेतलेल्या हॉलमध्ये, माझी दहा वर्षांची मुलगी ताट घेऊन रांगेत उभी होती. वाढायला उभ्या असलेल्या काकांनी प्रेमानं विचारलं, "बाळा, नाव काय तुझं?" तिनं सांगितलं. "आडनाव?" "शिंदे." "अच्छा, कुठले शिंदे?" ती म्हणाली, "बाट कानश्टाटचे." स्टुटगार्टच्या त्या भागात आम्ही राहतो, त्यामुळे तिच्या दृष्टीनं विषय संपला होता. काका म्हणाले, "तसं नाही गं, मूळ गाव?" "आजी साताऱ्याला असते." "साताऱ्यात कुठं?" पुढचं तिला येईना, मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, "वहिनी, तुमचं माहेरचं आडनाव?" मी जाधव म्हटलं, गावाचं नाव सांगितलं, आणि त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. पोरीच्या ताटात एक मोदक जास्तीचा पडला.

घरी येताना ऊबानमध्ये तिनं विचारलं, आई, त्या काकांनी एकच गोष्ट इतक्या वेळा का विचारली? मला सांगता आलं नाही, मराठीत पण नाही आणि जर्मनमध्ये पण नाही. काका माणूस म्हणून चांगले आहेत, आम्ही इथं नवीन होतो तेव्हा पलंग त्यांनीच आणून दिला होता. पण तो मोदक डोक्यातून जात नाही. माझं उत्तर दुसरं काही असतं तर?

हे आज लिहायला बसले त्याचं कारण आमच्या शाळेच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर झालेलं भांडण. बीडच्या पोलीस अधीक्षकांनी २०२५ मध्ये पोलिसांच्या नावाच्या पाट्यांवरून आडनावं काढली, फक्त पहिलं नाव ठेवायचं, हाक पण पहिल्याच नावानं मारायची. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला आणि त्यानंतर जिल्ह्यात मराठा-वंजारी असं सगळं इतकं ताणलं गेलं की समोरचा कोण आहे हे लोक आधी आडनावावरून ठरवायला लागले. ग्रुपवर निम्मे म्हणाले हे नाटक आहे, पाटी बदलून जात जाते का, निम्मे म्हणाले काहीतरी सुरुवात तर झाली. मी पाटीच्या बाजूनं बोलले तर एकानं लिहिलं, तुला काय कळणार, तू जर्मनीत, तिथं कोण विचारतंय आडनाव.

इथं आडनावाशिवाय पान हलत नाही, हे त्याला माहीत नव्हतं. आमच्या बिल्डिंगला फ्लॅट नंबरच नाहीत, खाली बेलची पट्टी आहे आणि प्रत्येक बटणापुढे फक्त आडनाव, पोस्टमन तेच बघून पत्र टाकतो, आमच्या बटणापुढे जाधव आणि शिंदे अशी दोन आहेत. ती पाटी लावली त्या संध्याकाळी मला खूप हलकं वाटलं होतं कारण पहिल्यांदाच माझं आडनाव नुसतं नाव होतं, कोणाला त्यात गाव दिसत नव्हतं की कूळ दिसत नव्हतं.

आणि हे हलकं वाटणं माझ्यासारखीला वाटावं हेच खरं तर विचित्र आहे, कारण आमच्या घरची बाजू विचारणाऱ्यांची होती. कोरेगाव तालुक्यात आमचं गाव. आजी मायाळू, शेजारपाजारच्या कोणालाही उपाशी जाऊ देणार नाही, पण मी शाळेतून मैत्रीण घेऊन आले की पहिला प्रश्न "कुणाची गं ही?" नुसतं नाव सांगून भागायचं नाही. जाधव, शिंदे, पवार, गायकवाड ही आडनावं आपल्याकडे कितीतरी जातींत आहेत, म्हणून मग गाव, मग आळी, मग आईचं माहेर. एका मैत्रिणीच्या बाबतीत उत्तर मिळाल्यावर आजी काही म्हणाली नाही. पाणी मागितलं तेव्हा तिनं मैत्रिणीला ओंजळ करायला सांगितली आणि तांब्या जरा वर धरून ओतलं. मला दोन मिनिटांनी नेहमीच्या पेल्यात दिलं. मला कधी कोणी समोर बसवून जात शिकवली नाही, शाळेत तर रोज प्रतिज्ञा म्हणायचो, सारे भारतीय माझे बांधव आहेत, पण तांब्या आणि ओंजळीमधलं ते वीतभर अंतर माझ्या डोळ्यांनी पाठ करून टाकलं. मैत्रिणीनं पण केलं असणार. ती परत आली नाही. मी का येत नाहीस म्हणून विचारलं नाही, म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या मला काय विचारायचं नसतं ते कळत होतं.

तर घर शोधतानाची गोष्ट. इथं आल्यावर एका फ्लॅटसाठी ईमेल केला, दोन तासांत उत्तर आलं, फ्लॅट गेला. ऑफिसमधल्या सहकाऱ्यानं, त्याचं आडनाव अस्सल जर्मन, त्याच संध्याकाळी सहज ईमेल टाकला तर त्याला शनिवारी बघायला या म्हणून निरोप. मी रात्रभर जागी होते. तांब्याची आणि याची बरोबरी मी करणार नाही, मला दुसरं घर मिळालं, माझ्याकडे पगार होता, पासपोर्ट होता, आणि पिढ्यानपिढ्या पाण्यापासून लांब ठेवलेल्या माणसाच्या वाट्याला जे आलं त्याच्या जवळपाससुद्धा हे जात नाही. पण माणसाला बघायच्या आधी त्याचं आडनाव वाचून दार लावलं जातं तेव्हा आतून कसं होतं, ते मला वयाच्या तिशीत पहिल्यांदा कळलं आणि त्या रात्री मला ती मैत्रीण आठवली.

इथल्या कोन्स्टान्स विद्यापीठातल्या दोन अर्थतज्ज्ञांचा एक प्रयोग २०१० मध्ये आला होता. विद्यार्थ्यांच्या इंटर्नशिपच्या ५२८ जाहिरातींना प्रत्येकी दोन सारखेच अर्ज पाठवले, एकावर जर्मन नाव, एकावर तुर्की. जर्मन नावाला फोन यायचं प्रमाण सुमारे १४ टक्क्यांनी जास्त. मला त्यातली पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, की अर्जाला आधीच्या कामाच्या ठिकाणचं शिफारसपत्र जोडलेलं असलं, म्हणजे हा माणूस स्वभावानं कसा आहे हे कोणीतरी लिहून दिलेलं असलं, की तो फरक दिसेनासा झाला. त्याच वर्षी इथल्या केंद्र सरकारच्या भेदभावविरोधी विभागानं नाव-फोटो नसलेल्या अर्जांचा प्रयोग पण सुरू केला होता, काही मोठ्या कंपन्या त्यात होत्या. म्हणजे आडनाव झाकायची कल्पना काही बीडमध्ये उगवलेली नाही.

पण नाव झाकून कुठपर्यंत पोचता येतं याचं आपल्याकडचं उदाहरण शंभर वर्षांहून जुनं आहे. बाबासाहेब १९१३ मध्ये न्यूयॉर्कला गेले, कोलंबियात शिकले, मग लंडन. परदेशातल्या त्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्याला आले तर राहायला जागा नाही. शेवटी एका पारशी धर्मशाळेत वहीत पारशी नाव लिहून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं आली आणि त्यांना बाहेर काढलं. वहीतलं नाव बदललं होतं, विचारणारे तेच होते. त्याच्या आदल्या वर्षी, मे १९१६ मध्ये, त्यांनी कोलंबियात जो निबंध वाचला त्यात जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न करण्यामुळे असं मांडलं होतं. देशात आंतरजातीय लग्नं शंभरात पाचेक होती, २०११-१२ च्या मानवी विकास सर्वेक्षणातला आकडा आहे हा, आणि आमच्या इथल्या वधू-वर ग्रुपवर आयटीत असलेली, दोन-दोन देश फिरलेली मुलं-मुली बायोडेटात पहिल्या पाच ओळींत जात-पोटजात लिहितात. विमानात बसलं की जात सुटते म्हणणाऱ्यांनी तो ग्रुप एकदा बघावा.

म्हणून ग्रुपवरच्या दोन्ही बाजूंशी माझं भांडण आहे. नाटक म्हणणाऱ्यांना मी सांगते, तक्रार द्यायला आलेली बाई टेबलावरची पाटी वाचून मनात हिशोब करते, हा आपल्यातला की त्यांच्यातला, मग ठरवते किती बोलायचं. तो हिशोब पाच मिनिटं जरी लांबला तरी तेवढ्यात ती निम्मी तक्रार सांगून मोकळी होईल, आणि ते मला खूप मोठं वाटतं. महाराष्ट्र सरकारनं २०२० मध्ये जातींवरून पडलेली वस्त्यांची नावं बदलायचं ठरवलं तेव्हा पण असेच हसले होते लोक, पण पत्त्यात रोज ते लिहावं लागणाऱ्याला विचारा. आणि सुरुवात झाली म्हणणाऱ्यांना सांगते, विचारायची सवय पाटीवर नसते, ती आपल्या कानात आहे, आणि ती शाळेच्या आधी, स्वयंपाकघरात लागते. काकांना ती कोणी तरी लावली, मला आजीनं लावली. माझ्या मुलीला अजून लागलेली नाही कारण तिनं तो तांब्या बघितलेला नाही, पण चार गणपती अजून गेले, चार काका अजून भेटले, की तिला उत्तर देता येईल आणि मग एक दिवस ती विचारेल पण.

मागच्या रविवारी यंदाच्या गणपतीची मीटिंग होती. मी सुचवलं की सगळ्यांना स्टिकर द्यायचे, त्यावर फक्त पहिलं नाव लिहायचं, जेवण वाढणाऱ्यांपासून अध्यक्षांपर्यंत. एक जण म्हणाले, मग ओळख कशी होणार. मी म्हटलं, काय करता, कुठं राहता, पोरं कोणत्या शाळेत, बोलायला कमी आहे का? तेच काका बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "वहिनी, आमचं अक्षर लहान येतं, मोठे स्टिकर आणा." दोघांनी नको म्हटलं, बाकीचे चालेल म्हणाले. दीडशे लागतील, या शनिवारी आणते.