खुलासा: मोबाइल लावून टाकीचा कल कळत नाही

खानापूर-निपाणीकडच्या ग्रुपांवर फिरतंय: पाण्याच्या टाकीच्या खांबाला मोबाइल टेकवा, कल दाखवणाऱ्या ॲपवर 0.3 अंश दिसला की टाकी कलली. चूक. गिलाव्याचा उंचवटा किंवा कॅमेऱ्याचा फुगवटा तेवढा फरक सहज दाखवतो. शिवाय 0.1 अंशाचा कल म्हणजे 20 मीटर उंचीवर 35 मिलिमीटर सरकणं. टिल्टमीटर (कल मोजायचं यंत्र) त्याहून कितीतरी बारीक मोजतो.

त्यासाठी खांबाला यंत्र टेकवायची चकती कायमची चिकटवतात, त्याच जागी एक वाचन, मग यंत्र 180 अंश फिरवून दुसरं; चिन्हासकट वजाबाकी करून निम्मं केलं की यंत्राची स्वतःची चूक निघून जाते. वाचन पहाटेच घ्यावं, कारण उन्हाची बाजू प्रसरण पावून खांब वाकतो. टाकीतली पाण्याची पातळीही लिहावी (हे हमखास राहतं). एकटा आकडा निरुपयोगी. तो महिनोन्महिने एकाच दिशेने वाढतोय का, ते बघतात.