मित्स्कीची गाणी डायरीतून येत नाहीत

मित्स्कीबद्दलचं एक मत इतकं फिरलं आहे की आता तीच तिची ओळख होऊन बसली आहे. ही अमेरिकी गायिका म्हणे आपली डायरी गाते. जे सोसलं ते माइकसमोर ओतते. कारागिरी बेताची, सच्चेपणा मात्र पुरेपूर. गाणी सगळी एकाच रंगाची, मध्यरात्री एकटं बसून रडण्यासाठीची. शिवाय इतकी तोकडी, की टिकटॉकसाठीच बेतलेली असावीत. रीलखालच्या मजकुरात हे असतं, ‘सॅड गर्ल’ नावाच्या प्लेलिस्टांमध्ये असतं, आणि तिच्यावर जीव टाकणाऱ्यांच्या कौतुकात तर सगळ्यात जास्त असतं.

मत प्रेमाने मांडलेलं असल्यामुळे ते खोडायला कुणी जात नाही. पण २०१२ ते २०२३ या काळात या बाईने सात अल्बम केले, बहुतेक वेळा वाद्यमेळ बदलून, आणि त्यांतली गाणी विचार करून रचलेली, घडवलेली आहेत. कौतुक करता करता नेमकं हे घडवणंच तिच्याकडून काढून घेतलं जातं, याचा मला राग येतो. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी कारागिरी, कारण इथे वादाला फारशी जागाच नाही. मित्स्कीने न्यूयॉर्क राज्यातल्या पर्चेस कॉलेजमध्ये संगीतरचनेचं रीतसर शिक्षण घेतलं. पहिले दोन अल्बम तिथल्याच विद्यार्थिदशेतले. ‘लश’ (२०१२) पियानोभोवती उभा आहे. ‘रिटायर्ड फ्रॉम सॅड, न्यू करिअर इन बिझनेस’ (२०१३) या दुसऱ्या अल्बमसाठी तिने विद्यार्थ्यांचा साठ जणांचा वाद्यवृंद वापरला. तेव्हा ती बावीस वर्षांची होती. साठ वादकांकडून काही वाजवून घ्यायचं तर कुणी कुठे थांबायचं, कुणी कुठे उचलायचं, हे सगळं आधी ठरवावं लागतं. भावना अनावर झाली म्हणून व्हायोलिनं आपोआप वाजू लागत नाहीत. आणि दुसऱ्याच वर्षी, ‘बरी मी ॲट मेकआउट क्रीक’मध्ये (२०१४), हा सगळा थाट गायब. गिटार, बेस, ड्रम आणि फाटल्यासारखा खरखरीत नाद. अनेकांनी तिला इथून ऐकायला सुरुवात केली, त्यामुळे ती गॅरेजमध्ये वाढलेली, न शिकलेली वाटली. वाद्यवृंद हाताळून झाल्यावर कुणी खरखर वापरते, तेव्हा ती तिने निवडलेली असते, एवढं तरी मान्य व्हायला हवं.

‘प्युबर्टी २’ (२०१६) तर तिने आणि पॅट्रिक हायलंड या निर्मात्याने दोघांतच वाजवून, दोन आठवड्यांत रेकॉर्ड केला. त्यातलं पहिलं गाणं ‘हॅपी’. सुख हा पाहुणा घरी येतो, येताना बिस्किटं आणतो, जवळ येतो आणि बघता बघता निघून जातो. मागे उरतात रिकामे कप आणि बिस्किटांचे कागद, आणि बाई उसासा टाकून पुटपुटते, पुन्हा आवरायला लागणार. खाली ड्रम मशीन बेफिकीरपणे ठोकत राहतं, मग सॅक्सोफोन येतो. अमूर्त गोष्टीला माणसाचं रूप देऊन तिला दारातून आत आणणं, चहा पाजणं आणि शेवटी खरकटं मागे ठेवणं, ही कथालेखकाची कामं आहेत. दुःखाने माणूस बेजार होतो, पण त्यामुळे रूपक सुचतंच असं नाही.

आता मुख्य मुद्दा, डायरीचा.

‘बी द काउबॉय’ (२०१८) घ्या. चौदा गाणी, बत्तीस मिनिटं. ‘पिचफोर्क’ या अमेरिकी संगीतपत्रिकेने तो त्या वर्षीचा सर्वोत्तम अल्बम ठरवला. अल्बम येत होता तेव्हाच मित्स्कीने सांगून टाकलं होतं की यात ती कथात्म लेखनाचे प्रयोग करते आहे, आणि एका पात्राचा आधार घेते आहे: स्वतःवर घट्ट ताबा ठेवणारी, थंड, दाबून जगणारी बाई, जिची वीण आता उसवू लागली आहे. इतकं स्पष्ट सांगूनही लोकांनी ती बाई म्हणजे मित्स्कीच असं धरलं.

त्यातलं शेवटचं गाणं ‘टू स्लो डान्सर्स’. शाळेच्या व्यायामशाळेत, तिथल्या ओळखीच्या वासात, दोन माणसं पुन्हा भेटली आहेत आणि संथ नाचत आहेत. त्यांचं वय झालं आहे. शरीर जमिनीकडे ओढलं जातं आहे, तरुण असताना हे सगळं किती सोपं होतं हे दोघांनाही कळतं आहे. अल्बम आला तेव्हा मित्स्की सत्तावीस वर्षांची होती. या गाण्याला कुठल्या तारखेची डायरी लावायची? तिने म्हातारपणाची कल्पना केली, व्यायामशाळा निवडली, नाच निवडला, आणि चौदा गाण्यांच्या शेवटी ते ठेवलं, कारण आधीच्या तेरा गाण्यांतली धावपळ इथे येऊन थकायला हवी होती.

आपल्याकडे शाहिरांनी शेकडो लावण्या बाईच्या तोंडी घातल्या. घरधन्याची वाट पाहणारी, रुसलेली, भरजरी शालू मागणारी बाई फडावर बोलते आणि लिहिणारा पगडी घातलेला पुरुष असतो. त्याला कुणी विचारत नाही की हा शालू तुम्ही कधी नेसलात. पुरुषाने पात्र उभं केलं की ती प्रतिभा, आणि बाईने ‘मी’ म्हटलं की तो तिचा कबुलीजबाब. हा भेद मराठी कवयित्रींनीही पुरेपूर भोगला आहे. मित्स्कीच्या बाबतीत तो इंग्रजीत घडतो, एवढाच फरक.

आवाजाचंही तसंच. ‘बी द काउबॉय’मध्ये बहुतेक ठिकाणी तिचा आवाज एकेरी आहे. पॉपच्या रेकॉर्डिंगमध्ये गायकाचा आवाज सहसा दुहेरी-तिहेरी थरांत वापरतात, वर साथीचे सूर चढवतात, म्हणजे तो भरदार होतो. इथे ते मुद्दाम टाळलं आहे. अंधाऱ्या रंगमंचावर एकाच दिव्याच्या झोतात कुणीतरी एकटं गातं आहे, असं चित्र तिला हवं होतं. ऐकणाऱ्याला वाटतं की ती अगदी जवळ, आपल्याशीच बोलते आहे. ती जवळीक स्टुडिओत ठरवून तयार केली आहे. ती आपल्याला खरी वाटते हे तिच्या कामाचं यश आहे, आणि तेच तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरलं जातं.

डायरीवाल्यांच्या बाजूचा सगळ्यात वजनदार दाखला मीच देते. ‘नोबडी’ हे त्याच अल्बममधलं तिचं अतिशय गाजलेलं गाणं मलेशियात, दौऱ्यांच्या मधल्या सुट्टीत, ती अगदी एकटी पडली होती तेव्हाचं आहे. हे तिनेच सांगितलं आहे. म्हणजे दुःख खरं, ठिकाण खरं. पण गाणं ऐका. पहिल्या ओळींतली बाई एकटेपणाने खिडकी उघडते, माणसांचे आवाज तरी ऐकू यावेत म्हणून. लगेच पुढे शुक्र ग्रह येतो: प्रेमाचा ग्रह, तापमानवाढीने नष्ट झालेला, तिथल्या लोकांनाही आपल्यासारखंच जास्त हवं होतं का, असा प्रश्न. खोलीतली खिडकी आणि एक अख्खा ग्रह, मध्ये एक श्वाससुद्धा नाही. आणि हे सगळं कशावर? डिस्कोच्या ठेक्यावर. नाचणाऱ्यांनी भरलेल्या जागेचा ठेका, आणि त्यावर ‘कुणीही नाही’ हा एकच शब्द पुन्हा पुन्हा. शेवटाकडे पट्टी चढते. पट्टी चढवणं हा पॉपमधला आनंदाचा जुना हमखास उपाय. इथे तो चढतो आणि शब्द तोच राहतो, त्यामुळे आनंदच घुसमटल्यासारखा वाटू लागतो. मलेशियातल्या त्या खोलीत दुःख होतं. ठेका, ग्रह आणि चढती पट्टी ही नंतरची मेहनत आहे.

पुढच्या ‘लॉरेल हेल’बद्दल (२०२२) तिने सांगितलेली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते: हा अल्बम एका टप्प्यावर पंक (धसमुसळ्या रॉकचा प्रकार) होता, एका टप्प्यावर कंट्री (अमेरिकी ग्रामीण वळणाचं संगीत), आणि शेवटी तिला नाचता येईल असं काही हवं झालं, म्हणून त्याला ऐंशीच्या दशकातल्या सिंथचा, म्हणजे सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्याचा, साज मिळाला. त्यातलं ‘द ओन्ली हार्टब्रेकर’ तिने डॅन विल्सनबरोबर लिहिलं. ब्रिटिश गायिका ॲडेलच्या गाजलेल्या ‘समवन लाइक यू’चा सहलेखक तो हाच. ज्या मजकुराला तीन वेगवेगळे पोशाख घालून पाहिले, ज्यात दुसऱ्या गीतकाराचा हात लागला, त्याला कुणी डायरीचं पान कसं म्हणेल?

सगळी गाणी सारखी, या आरोपावर फार वेळ घालवत नाही. पियानो, साठ जणांचा वाद्यवृंद, खरखरीत गिटार, डिस्को, सिंथ हे वर येऊनच गेलं. ‘द लँड इज इनहॉस्पिटेबल अँड सो आर वी’मध्ये (२०२३) पेडल स्टील (कंट्री संगीतातली आडवी, पायपट्ट्यांची गिटार) आहे, ड्रू एरिक्सन या संगीतसंयोजकाने बांधलेला वाद्यवृंद आहे आणि सतरा जणांचा गायकवृंद आहे. त्यातलं पहिलं गाणं ‘बग लाइक ॲन एंजल’ साध्या गिटारवर हळू सुरू होतं, आणि ‘फॅमिली’ या शब्दावर अख्खा गायकवृंद एकदम कोसळतो. दारूचा पेला कधीकधी घरच्या माणसांसारखा वाटतो, अशी ती ओळ आहे. सतरा गळे त्या एका शब्दासाठी थांबवून ठेवले होते. हे ऐकून कुणाला ‘नोबडी’सारखंच वाटलं, तर त्याने फक्त शब्द वाचले आहेत.

टिकटॉकचा मुद्दा तारखा पाहिल्या की संपतो. २०१४ च्या अल्बममध्ये दहा गाणी साधारण अर्ध्या तासात बसतात, २०१६ मध्ये अकरा गाणी एकतीस मिनिटांत. अमेरिकेत म्युझिकली हे ॲप टिकटॉकमध्ये मिसळलं ते २०१८ च्या ऑगस्टमध्ये. ‘बी द काउबॉय’ त्याच महिन्यात बाहेर आला, म्हणजे त्याआधीच पुरा झाला होता. थोडक्यात सांगून थांबायची तिची सवय त्या ॲपपेक्षा जुनी आहे. २०२३ च्या अल्बममधलं ‘माय लव्ह माइन ऑल माइन’ सव्वादोन मिनिटांच्या आसपास संपतं आणि बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या, मुख्य यादीत सव्विसाव्या क्रमांकापर्यंत गेलं, त्यात रील बनवणाऱ्यांचा वाटा मोठा आहे हे खरंच. पण गाण्याचा वापर कसा झाला, त्यावरून ते कशासाठी लिहिलं हे ठरत नाही. त्या गाण्यात तिसरं कडवं का नाही असा प्रश्न मला ऐकताना कधी पडला नाही. चंद्राला एक विनंती आहे, ती करून झाली आहे.

राहिला रडण्याचा प्रश्न. तिच्या गाण्यांत दुःख आहे, आणि ऐकणारे खरंच रडतात. ते रडणं खोटं आहे असं मी म्हणत नाही. कुणाला एखाद्या वाईट वर्षात या गाण्यांनी हात दिला असेल, तर ते मोलाचंच आहे. माझी हरकत पुढच्या पायरीला आहे: मी रडते, म्हणून तीही रडतच लिहीत असणार, म्हणून ती माझी मैत्रीण, म्हणून तिचं सगळं मला कळायला हवं. मित्स्कीने या ‘सॅड गर्ल’ लेबलबद्दल उघड नापसंती दाखवली आहे. ते संकुचित आहे आणि केव्हाच शिळं झालं आहे, असं ती म्हणाली. २०२२ मध्ये तिने प्रेक्षकांना विनंती केली की गाणीच्या गाणी, अख्खे कार्यक्रम फोनवर टिपत राहू नका, तर तिच्यावरच लोक चिडले. तोवर तिचे कार्यक्रम एक टेबल आणि एक खुर्ची घेऊन, जपानी बुतो नृत्यापासून प्रेरणा घेतलेल्या बसवलेल्या हालचालींचे झाले होते. समोर इतकं आखीव काम चाललं असताना, त्यात उत्स्फूर्त हुंदका शोधत बसायचं म्हणजे कामाकडे पाठच फिरवायची.

तिचं आयुष्य गाण्यात अगदी थेट दिसतं असं एक ठिकाण मला मान्य आहे. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये गाऊन ती थांबली, बेमुदत. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये परतली ती ‘वर्किंग फॉर द नाइफ’ घेऊन. यातली बाई म्हणते की विसाव्या वर्षी आपलं सगळं आटोपेल असं तिला वाटायचं, आता एकोणतीस झालं तरी समोरचा रस्ता तसाच आहे. इथे गाणारी आणि बोलणारी यांच्यात फार अंतर नाही, हे मी हट्टाने नाकारणार नाही. पण या गाण्यात प्रियकर नाही, प्रेमभंग नाही, एकटेपणाची रात्र नाही. आहे ती नोकरी, आणि आपण मनाने निवडलेलं कामच आपल्याला कापत राहतं याची जाणीव. यातली बाई रडते ती प्रत्येक सिनेमा सुरू होताना. आपणही काहीतरी घडवत असायला हवं होतं, असं तिला वाटतं म्हणून.